एकोणीस नंबरचे अकरा सेकंद

आमच्या स्पर्धेचे नियम चौदा आहेत आणि त्यातल्या प्रत्येक नियमामागे एक माणूस आहे. नियम तीन: व्हिडिओत करणाऱ्याचं नाव, टोपणनाव, खूण किंवा मांजर दिसता कामा नये. मांजर का, असं नवीन लोक विचारतात. कारण चौथ्या वर्षी एका औषधविक्रेत्यानं शेवटच्या फ्रेममध्ये आपलं मांजर घातलं होतं. ते मांजर सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि तिन्ही परीक्षकांनी त्या व्हिडिओला भरभरून गुण दिले. नियम आठ: परीक्षकांनी एका टेबलावर जेवायचं नाही. नियम अकरा: प्रेक्षकांत शिट्ट्या वाटायच्या नाहीत. खऱ्याखुऱ्या प्लास्टिकच्या शिट्ट्या, पिशवीभर. एका काकांनी पुतणीसाठी वाटल्या होत्या.

ही स्पर्धा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुठल्या तरी मोठ्या पदावर आहे. कार्टून मालिकांच्या चाहत्यांचं दरवर्षी दोन दिवसांचं संमेलन भरतं. लोक आपल्या आवडत्या मालिकेतली दृश्यं कापतात, आपल्या आवडत्या गाण्यावर बसवतात, आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करून आमच्याकडे पाठवतात. परीक्षक त्यातले बारा निवडतात. ते बारा संमेलनात मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि हॉलमधले तीनशे लोक चिठ्ठीवर नंबर लिहून मत देतात. जिंकणाऱ्याला वीतभर उंचीचा कप मिळतो. त्या वीतभर कपासाठी शहाणीसुरती, नोकरदार, पोरंबाळं असलेली माणसं माझ्याशी असं वागतात की मी नऊ वर्षं हे का करते आहे, हे मला स्वतःलाच कळत नाही.

पोटापाण्यासाठी मी रुग्णालयात कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा, नाही आलं तर दाबू नका. एवढं सोपं काम, पण निम्मे लोक काहीच वाजत नसताना बटण दाबतात. शांतता झाली की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. माझा हात त्यांना दिसू नये म्हणून मी पाठ करून बसते. ही सवय मी स्पर्धेतही आणली. कोणता व्हिडिओ कोणाचा हे मला माहीत नसतं. फॉर्म आणि नावं माझ्या नणंदेकडे, फायली आणि नंबर माझ्याकडे. फॉर्मवरचं एक अक्षरही तिनं मला सांगायचं नाही. हा नियम दोन. ह्याच्यामागचा माणूस म्हणजे माझी नणंद, कारण पहिल्या वर्षी तिच्या पोटात काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

सगळ्या व्हिडिओंचा आवाज मी एका पातळीवर आणते. मोठ्या आवाजाच्या व्हिडिओला जास्त मतं पडतात, त्यात करणाऱ्याचं काही कौशल्य नसतं. आणि नियम नऊ असा आहे की फाइल बनवताना काही तांत्रिक दोष राहिला असेल, तर आयोजक जमेल तेवढा दुरुस्त करतील. तिसऱ्या वर्षी एका शिक्षिकेचा व्हिडिओ अर्ध्यातून मुका झाला होता. ती बिचारी हॉलच्या मधोमध उभी राहून रडली आणि नंतर कधी आलीच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत दोनदा बघते, डोळ्यांत तेल घालून.

ह्या वर्षी एक्केचाळीस फायली आल्या. एकोणिसाव्या फाइलीत दोन मिनिटं सहा सेकंदांवर आवाज गेला आणि दोन मिनिटं सतरा सेकंदांवर परत आला.

मालिका ओळखीची होती. बेटावरच्या दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची. मोठी बहीण होडीतून निघून जाते, धाकटी मागे राहते. गाणंही ओळखीचं, दर दोन वर्षांनी कोणीतरी वापरतंच. व्हिडिओ चांगला होता, खूप चांगला. मोठी होडीत बसते, धाकटी पळत येते, बंद फाटकापाशी थांबते, आणि नेमका तिथं आवाज गुल. मी कपाळावर हात मारला. इतक्या मेहनतीनं केलेला व्हिडिओ आणि फाइल बनवताना ह्या बयेनं किंवा बुवानं शेवटी एकदा ऐकून बघू नये?

करणाऱ्याला विचारायला हवं होतं. नणंदेमार्फत निरोप पाठवता आला असता. पण एकाला विचारलं की सगळ्यांना विचारावं लागतं. एकाला दुसरी संधी दिली आणि चाळीस जणांना नाही, तर ती कसली निःपक्षपाती स्पर्धा? म्हणून मी मुकाट्यानं बसले आणि मूळ गाण्यातले ते अकरा सेकंद उचलून तिथं घातले. दोन्ही टोकं अशी सांधली की माझ्या स्वतःच्या कानाला सांधा कळेना. सबंध रविवारची दुपार त्यात गेली. उठताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. कोणाचं तरी भलं केलं होतं आणि ते त्याला कधी कळणारही नव्हतं.

एकोणीस नंबर बारांत आला.

संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलापाशी 'सुधारित' उभा होता. हा विमा विकणारा गृहस्थ दरवर्षी भाग घेतो आणि मुदत संपेपर्यंत रोज एक फाइल पाठवतो. एकीचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम सुधारित', तिसरीचं 'खरोखर अंतिम सुधारित'. माझ्या नणंदेनं त्याचं हे नाव पाडलं आणि आता तोही फोनवर "मी सुधारित बोलतोय" असंच सांगतो. दोन वर्षं तो दुसरा आला आहे. त्याच्याबाबतीत नंबर आणि नाव वेगळं ठेवायचा काही उपयोग नसतो. तो स्वतःच सगळीकडे सांगत फिरतो.

"मॅडम, एक फ्रेम," तो पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाला. "एकच. सात नंबर. तलवार खाली येते ना, ती तालाच्या एक फ्रेम आधी येते. मला झोप लागलेली नाही."

"नियम सहा वाचा."

"पाठ आहे. माझ्यामुळेच केलाय तुम्ही."

"मग म्हणून दाखवा."

"मुदतीनंतर एका फ्रेमचाही बदल होणार नाही. बदल झाल्यास व्हिडिओ बाद." त्यानं शाळेत म्हणतात तसं म्हटलं. "पण मॅडम, कोणाला कळणार आहे? सेकंदाचा चोविसावा भाग!"

"मला कळेल," मी म्हणाले. वर आणखी पाच मिनिटं ऐकवलं त्याला. की आज एक फ्रेम, उद्या दहा. की पाठवलं तेच दाखवलं जाईल, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी स्पर्धा उभी आहे. आजूबाजूचे चार जण ऐकत होते, त्यामुळे मला जोर आला होता. आता ते आठवलं की कान गरम होतात.

अकरा वाजता व्हिडिओ सुरू झाले. पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर माझ्या नवऱ्याकडे असतात. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्याचे हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातात. ह्या सगळ्या प्रकाराला तो 'तुमचा पोरखेळ' म्हणतो, पण नऊ वर्षांत एकदाही चुकलेला नाही. एकोणीस नंबर लागला तेव्हा हॉल डोलायला लागला. फाटकापाशी धाकटी थांबली, माझ्या अकरा सेकंदांत गाणं चढत गेलं, आणि लोकांनी टाळ्यांनी ताल धरला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि चक्क हसत होते.

दीड वाजता मतं मोजून झाली. एकोणीस नंबरला सत्त्याऐंशी, सात नंबरला चौऱ्याऐंशी. सुधारित तिसऱ्यांदा दुसरा. निकाल तीन वाजता जाहीर करायचा होता.

पावणेदोनला मी टेबलापाशी चहा घेत होते, तेवढ्यात तिशीतली एक बाई आली. चष्म्याच्या दुकानात काम करते हे तिनं नंतर सांगितलं, पण तिच्या चष्म्याच्या काचा पाहून तसंच काहीतरी असणार असं वाटलंच होतं. इतक्या स्वच्छ काचा मी कधी पाहिल्या नाहीत.

"एकोणीस नंबर माझा आहे," ती म्हणाली.

"नंबर सांगू नका!" मी जवळजवळ ओरडलेच. "निकाल लागेपर्यंत सांगायचा नसतो. नियम पाच."

"माझ्या व्हिडिओत आवाज कोणी घातला?"

माझा चेहरा खुलला असणार. म्हटलं, बघा, एका तरी माणसाच्या लक्षात आलं. "मी," मी सांगितलं. "तुमचा तिथं आवाज गेला होता. आता आभार वगैरे काही नकोत. तो आमचा नियमच आहे."

"गेला नव्हता," ती म्हणाली. "मी काढला होता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"फॉर्मवर लिहिलं होतं," ती पुढे म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "सूचना असा रकाना आहे ना, त्यात लिहिलं होतं. दोन-सहा ते दोन-सतरा आवाज मुद्दाम बंद आहे, दोष नाही."

मी नणंदेला हाक मारली. ती शेजारच्याच टेबलावर बिल्ले वाटत होती. फॉर्मचा गठ्ठा काढून तिनं एकोणीस नंबर शोधला आणि तो कागद छातीशी धरला.

"दाखव," मी म्हणाले.

"वहिनी, तूच म्हणतेस, फॉर्मवरचं एक अक्षरही..."

"अगं, दाखव!"

दाखवला. बारीक, सुबक अक्षरात अगदी तेच लिहिलं होतं. शेवटच्या दोन शब्दांखाली रेघसुद्धा मारली होती.

"तुला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं की. पण तुला सांगितलं असतं, तर तू मला स्पर्धेतून काढून टाकलं असतंस." ते खोटं नव्हतं. नऊ वर्षं मी तिच्या तोंडाला कुलूप लावत होते, आणि ज्या एका वेळी ते उघडायला हवं होतं, तेव्हा ते घट्ट बसलेलं होतं. मला तिचा राग आला, त्या रकान्याचा आला, तो रकाना फॉर्मवर घालणाऱ्या माझा स्वतःचाही आला. जो वाचायचाच नाही, तो रकाना ठेवला होता कशाला?

"हे बघा," मी त्या बाईला म्हणाले, "चूक माझी आहे. पण व्हिडिओ लोकांना आवडलाय. खूप आवडलाय. मी आत्ता सांगू शकत नाही, पण तीन वाजता तुम्ही नाराज होणार नाही."

"मला कप नको आहे."

"म्हणजे?"

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ती मालिका मी आणि माझी ताई मिळून बघायचो. सहा वर्षांपूर्वी ताई भांडून घरातून गेली. तेव्हा रेडिओ चालू होता. आईनं उठून तो बंद केला. फाटक वाजलं तर ऐकू यावं म्हणून. मग आम्ही दोघी तशाच बसून राहिलो."

"किती वेळ?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"आठवत नाही. अकरा सेकंद मी नंतर ठरवले. त्याहून जास्त ठेवले तर लोक शिट्ट्या मारतात." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सहा वर्षांत मी ताईला पहिल्यांदा बोलावलं. म्हटलं, मला बोलता यायचं नाही, तू येऊन फक्त बघ. ती आली. सकाळी तिसऱ्या रांगेत होती. बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, छान आहे, गाणं छान बसवलंयस. सव्वाचारची बस आहे तिची. आत्ता खाली चहा पितेय. कप कोणालाही द्या. मला फक्त ती चार मिनिटं परत द्या."

कामावर मी रोज वीस माणसांना सांगते, काही ऐकू आलं नाही तर बटण दाबू नका. आणि ऐकू येत नव्हतं तिथं बटण दाबलं कोणी, तर मी.

संमेलनाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. मी त्यांना जिन्यापाशी गाठून सगळं सांगितलं. दात काढल्यावर पेशंटच्या खांद्यावर हात ठेवतात तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही झालेलं नाही," ते म्हणाले. "जिंकली ना ती? कप द्या, फोटो काढा, विषय मिटला. तुमचा नियम नऊ आहेच, दुरुस्तीचा. कोणी विचारलंच तर तो दाखवा."

"तो दोषांसाठी आहे. हा दोष नव्हता."

"हे कोणाला माहीत आहे?"

"तिला. माझ्या नणंदेला. मला. आता तुम्हालाही."

"मी विसरलो," दंतवैद्य म्हणाले आणि निघून गेले.

खरं सांगायचं तर दहा मिनिटं मलाही विसरावंसं वाटलं. नऊ वर्षं लोक मला खडूस म्हणतात, हेकट म्हणतात, पण अन्यायी कोणी म्हटलेलं नाही. माझी तेवढीच कमाई होती. स्टेजवर उभं राहून सांगायचं की सगळ्यांना एका फ्रेमसाठी हाकलणाऱ्या ह्या बाईनं स्वतः दोनशे चौसष्ट फ्रेमांखालचा आवाज बदलला! मी हिशोब केला होता. अकरा गुणिले चोवीस. पुन्हा मतदान घ्यावं, तर सकाळचे निम्मे लोक दुसऱ्या दालनात पांगलेले. सुधारितवर त्यात वेगळाच अन्याय. एकोणीस बाद करावा, तर जिची काही चूक नाही तिलाच शिक्षा. कप तिलाच द्यावा, तर तो कप माझ्या अकरा सेकंदांना मिळतो, तिच्या नाही. कुठूनही धरायला गेलं तरी हात भाजत होता. नियम चौदा असूनही त्यातला एक कामाला येईना.

शेवटी मी नवऱ्याकडे गेले. तो हॉलमध्ये वायरी गुंडाळत होता. "निकालानंतर एकोणीस नंबर पुन्हा लावायचाय," मी सांगितलं. "माझ्या लॅपटॉपवर 'मूळ' नावाचं फोल्डर आहे, त्यातली फाइल घे."

"मूळ का? सकाळची काय वाईट होती?"

"सांगते नंतर. वाद घालू नकोस."

"मी कुठं वाद घालतोय?" असं म्हणून तो वाद घालायच्या बेतात होता, पण माझा चेहरा बघून लॅपटॉपकडे वळला.

तीन वाजता हॉल पुन्हा भरला. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. चष्म्याच्या दुकानातली बाई तिसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारी तशाच नाकाची, जरा जाड अंगाची एक बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि सारखी घड्याळ बघत होती. सुधारित पहिल्या रांगेत, हात जोडून.

मी माइक घेतला. सांगायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणून सरळ सांगितलं. "सर्वांत जास्त मतं एकोणीस नंबरला आहेत. पण तुम्ही पाहिला तो एकोणीस नंबर नव्हता. त्यात एका ठिकाणी आवाज मुद्दाम बंद ठेवलेला होता. मला तो दोष वाटला आणि मी तिथं गाणं घातलं. मुदतीनंतर. न विचारता. करणारीनं फॉर्मवर लिहिलं होतं, पण माझ्याच नियमामुळे ते माझ्यापर्यंत आलं नाही. नियम सहाप्रमाणे व्हिडिओ बाद होतो. ह्यात तिची काडीचीही चूक नाही, सगळी माझी आहे. मी तिची माफी मागते. पहिला क्रमांक सात नंबरला."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कोणीतरी "एका फ्रेमचाही नाही म्हणे!" असं ओरडलं आणि बरेच जण हसले. हसू दे. सुधारित उठून कप घ्यायला आला तेव्हा त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. "म्हणजे मी जिंकलो ते ती बाद झाली म्हणून?" त्यानं माइकच्या बाजूला होऊन विचारलं.

"हो."

"अरे देवा," तो म्हणाला आणि कप घेऊन बसला.

"आता," मी म्हणाले, "एकोणीस नंबर, जसा पाठवला होता तसा."

मी खाली उतरून नवऱ्याच्या टेबलापाशी उभी राहिले. दिवे गेले. दीपगृह आलं, दोन बहिणी आल्या, गाणं सुरू झालं. मोठी होडीत बसली. धाकटी पळाली. फाटक. दोन मिनिटं सहा सेकंद.

आवाज गेला.

आणि माझा नवरा उडाला. मी त्याला सांगायलाच विसरले होते. "वायर!" असं पुटपुटत तो स्पीकरच्या खोक्यावर झेपावला, एक हात प्लगवर, दुसरा आवाजाच्या बटणावर. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मी दोन्ही हातांनी धरलं. तो माझ्याकडे वेडी झालीस का अशा नजरेनं बघत होता. पडद्यावर धाकटी फाटकाकडे पाहत उभी होती. हॉलमध्ये खुर्च्या करकरायला लागल्या. कोणीतरी खोकलं. मागच्या रांगेतून ठरलेली आरोळी आली: "आवाज! अहो, आवाज!"

तिसऱ्या रांगेतली मोठी बहीण ताडकन मागे वळली.

"गप्प बसा हो!" ती म्हणाली. "ऐकू द्या!"

नंतरचे पाच-सहा सेकंद त्या हॉलमध्ये कोणीच काही बोललं नाही. नवऱ्याचं मनगट माझ्या हातात होतं. मी नऊ वर्षं त्या हॉलमध्ये उभी राहते आहे, पण तिथल्या पंख्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला रडू येत होतं आणि त्याचाही मला संताप येत होता, कारण माझ्याकडे रुमाल नव्हता. मग गाणं परत आलं.

व्हिडिओ संपल्यावर टाळ्या पडल्या, सकाळपेक्षा कमी. निम्म्या लोकांना अजूनही वाटत होतं की वायर निघाली होती. एक गृहस्थ मला येऊन सांगूनही गेले की सकाळचा जास्त चांगला होता. मी त्यांना धन्यवाद म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग सुधारित आला, कप काखेत घेऊन. "मॅडम, एक शंका. तिचा व्हिडिओ दोनदा दाखवलात, माझा एकदा. हे निःपक्षपाती आहे का?"

सगळ्यात मोठा वैताग हा की त्याचं बरोबर होतं.

"समारोपाला दाखवते," मी म्हणाले.

"सुधारित?"

"नाही! पाठवला होता तोच!"

"एकच फ्रेम आहे हो," तो जाता जाता म्हणाला.

चार वाजता हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता, म्हणून आम्ही सामान उचलून बाहेर आलो. वाटेत मी नवऱ्याला सगळं सांगितलं, ताईच्या बससकट. बाहेरच्या पायऱ्यांवर त्या दोघी बसल्या होत्या. बोलत होत्या की नाही, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. थोरलीची पर्स खालच्या पायरीवर ठेवलेली होती आणि घड्याळ कोणी बघत नव्हतं. मी नियमांचा कागद काढला, उलटा केला, आणि पंधरावा नियम लिहिला: जे दोष वाटेल ते आधी विचारावे. विचारण्याचे काम नणंदेने करावे. ह्याच्यामागचा माणूस कोण, हे पुढच्या वर्षी नवीन लोक विचारतीलच.

नवऱ्यानं खोकी गाडीत ठेवली, हात झटकले आणि घड्याळ पाहिलं.

"चार वाजून बारा मिनिटं," तो म्हणाला. "त्यांची सव्वाचारची बस आहे ना? अगं, चुकेल त्यांची. थांब, सांगून येतो."

तो दोन पावलं गेलासुद्धा. मी त्याचं मनगट पुन्हा धरलं.

"बस इथं," मी म्हणाले. "काही दुरुस्त करायचं नाहीये."